हिवाळ्यात मासा खात नाही, म्हणजे नेमके काय?

गेल्या जानेवारीत काही दिवस कोलकात्यात मुक्काम होता. शेततळ्यांतून गोळा केलेल्या जलकीटकांचे नमुने न्यू अलिपूर येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहाशी ताडून पाहायचे होते आणि राहण्याची सोय बालीगंज भागात झाली होती. कोलकात्याची थंडी आकड्यांत सांगितली तर निफाडच्या शेतकऱ्यास हसू येईल. किमान तापमान १३-१४ अंश सेल्सिअस, एवढेच. परंतु पश्चिमी चक्रावाताच्या प्रभावाने आभाळ भरून आले, दिवसाचा पारा विशीच्या वर चढेनासा झाला आणि बारीक पाऊस लागून राहिला की तीच थंडी ओल्या घोंगडीसारखी अंगावर बसते. सकाळी गल्लीतला प्रत्येक दुसरा माणूस माकडटोपी घालून चहाच्या टपरीशी उभा असे.

बालीगंज हा आज उंच इमारतींचा भाग असला तरी त्याची मूळ जमीन पाणथळ. दक्षिणेकडचे रवींद्र सरोवर हे १९२० च्या दशकात कलकत्ता इम्प्रुव्हमेंट ट्रस्टने दलदलीची जागा खोदून तयार केले. पद्मपुकुर, बोसपुकुर ही आसपासच्या वस्त्यांची नावेच जुन्या तळ्यांची साक्ष देतात. ‘पुकुर’ म्हणजे तळे. अशी काही लहान तळी अजून तग धरून आहेत. माझ्या मुक्कामामागील आवारात असेच एक तळे होते आणि त्याच्या पायरीवर त्या पावसात, डोक्यावर छत्री बांधून, एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ गळ टाकून बसलेले दिसले. निवृत्त शिक्षक. मी त्यांना काकाबाबू म्हणू लागलो. त्यांनी मला, माझा विषय कळल्यावर, ‘पोकार डाक्तार’ म्हणजे किड्यांचा डॉक्टर करून टाकले.

गळाने मासेमारीचा हंगाम बंगालमध्ये खरा उन्हाळ्याअखेरपासून शरदापर्यंत. पौष-माघात गळ टाकणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरते. मी प्रथम थांबलो तो कीटकशास्त्रज्ञ म्हणून. काकाबाबूंच्या डब्यात आमिष होते ते पांढऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या ‘मुंग्यांच्या अंड्यांचे’. ती अंडी नव्हेतच. झाडाची पाने अळ्यांच्या रेशमाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या अळ्या व कोष ते. कोकणातील आंबा-काजूच्या बागांत मजुरांना कडकडून चावणारी आणि तरीही बागेतील ढेकण्या व अळ्या फस्त करणारी हीच ती इकोफायला मुंगी. चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून संत्रावर्गीय बागांत कीड आवरण्यासाठी तिची घरटी विकत घेऊन लावीत असत. मयूरभंजमध्ये तिची चटणी करतात आणि त्या चटणीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बंगालच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात तिला कुरकुट म्हणतात. जैविक नियंत्रणाच्या पाठ्यपुस्तकात जिला पहिले स्थान आहे तिची पिल्ले गळाला टोचलेली पाहून मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो. असो.

पहिल्या दिवशी काकाबाबूंना चार तासांत काहीही लागले नाही. मोरपिसाच्या देठाचा तरंगता ‘फातना’ जागचा हलला नाही. त्यांची पद्धत मात्र पाहण्यासारखी होती. हंगामात मोहरीची पेंड, भाजलेली मेथी व सुगंधी मुळ्या यांचे मिश्रण, ज्याला ते ‘चार’ म्हणतात, मुठीमुठीने पाण्यात टाकून मासे जमवले जातात. त्या दिवशी त्यांनी जेमतेम चिमूटभर टाकले. गळ नेहमीपेक्षा बारीक, दोरा बारीक, आमिषाचे दोनच दाणे. मी विचारले, भूक लागावी म्हणून अधिक टाकायला नको का? ते म्हणाले, पोट बंद असताना ताटात वाढलेले अन्न नासते. त्यानंतर त्यांनी बाही दुमडून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, क्षणभर तसाच ठेवला आणि आज काही होणार नाही, असे सांगून सामान आवरले. येताना मी नमुन्यांसाठी जवळ असलेला तापमापक पाण्यात सोडून पाहिला. हातभर खोलीवर १७ अंश होते.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ढग फाटले. दुपारी तीनच्या सुमारास त्याच ठिकाणी पाणी २० अंशांच्या किंचित वर होते. फातना बुडाला नाही, उलट गव्हाच्या दाण्याएवढा वर उचलला गेला. तळाशी चरणाऱ्या माशाने गळाचे वजन उचलले की असे होते. काकाबाबूंनी झटका दिला आणि अर्ध्या-पाऊण किलोचा मृगळ बाहेर आला. सामान आवरताना ते सहज बोलून गेले की थंडीत मासा लागला नाही तर दोष थंडीचा, पण ऊन पडूनही लागला नसता तर मी दोष पाण्याला दिला असता. या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. हाच भेद मला सात वर्षांपूर्वी निफाड तालुक्यात करता आला नव्हता.

निफाड परिसर हा महाराष्ट्रातील थंडीचा खड्डा. काही हिवाळ्यांत तेथे किमान तापमान ५ अंशांच्याही खाली जाते. तेथील द्राक्ष बागायतदारांकडे प्लॅस्टिक अस्तर केलेली शेततळी आहेत आणि पाणी आहेच तर मासेही असावेत, या रास्त विचाराने अनेकांनी त्यांत रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस सोडले आहेत. अशाच एका बागेस जानेवारीत मी फुलकिडींच्या पाहणीसाठी गेलो होतो. निघताना शेतकरी म्हणाला, “साहेब, तीन-चार दिवस झाले, मासे खाद्याला येईनात.” मी तळ्याकडे पाहिले. पाणी निवळ, एकही मेलेला मासा नाही. मी म्हणालो, “थंडी आहे, चालायचंच. खाद्य कमी करा.” सर्वसामान्य सल्ला म्हणून हे उत्तर बरोबर होते. त्या तळ्यापुरते ते चूक होते. आठ दिवसांनी मासे तरंगू लागले आणि पुढील चार दिवस तरंगतच राहिले.

काय घडले ते नंतर उलगडले. फवारणीच्या ब्लोअरची टाकी तळ्यावरील मोटारीनेच भरली जात होती. पाइपाचे तोंड टाकीतील द्रावणात बुडालेले, त्यात पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक आधीच मिसळलेले. मध्येच वीज गेली. तळाचा फूटव्हॉल्व्ह गळका होता. टाकी बांधावर, पाणी खाली. द्रावण आल्या वाटेने उलटे तळ्यात उतरले. वीज आल्यावर मजुराने टाकी पुन्हा भरली, औषध पुन्हा घातले आणि काम पुढे चालू राहिले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, कोणी बाटली तळ्यात ओतली नव्हती.

येथे थोडे गणित करणे आवश्यक आहे. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. १० टक्के सायपरमेथ्रीनची १०० मिलीलिटरची एक बाटली म्हणजे १० ग्रॅम क्रियाशील घटक. तो भरलेल्या तळ्यात समान मिसळला तरी लिटरमागे साडेचार मायक्रोग्रॅम होतो आणि जानेवारीत तळे अर्धे असेल तर नऊ. गोड्या पाण्यातील अनेक माशांना या गटातील रसायनांची घातक मात्रा अशाच एक आकडी मायक्रोग्रॅमच्या आसपास सुरू होते. प्रत्यक्षात द्रावण समान मिसळतही नाही. ते एका कोपऱ्यात, वरच्या थरात राहते आणि दुपारच्या उन्हात मासे नेमके वरच्या, कोमट थरात येतात. मातीच्या तळ्यात गाळ व सेंद्रिय पदार्थ पायरेथ्रॉइडला पटकन धरून ठेवतात, त्यामुळे काही माशांना संधी मिळते. प्लॅस्टिकच्या तळ्यात गाळच नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट माझ्याच विषयातील आहे आणि ती मला त्या दिवशी आठवली नाही, ही माझी चूक. पायरेथ्रॉइडची विषारिता तापमान घटले की वाढते. ही रसायने चेतातंतूंवरील सोडियमचे मार्ग उघडे ठेवतात. थंडीत ते मार्ग आणखी उशिरा मिटतात, त्यामुळे आघात अधिक काळ टिकतो. कीटकांबाबत हे आम्ही पदव्युत्तर वर्गात शिकवतो. माशांबाबतही तोच कल दिसून आला आहे. शिवाय सस्तन प्राणी व पक्षी ज्या वेगाने या रसायनांचे शरीरात विघटन करतात, तो वेग माशांकडे मुळातच नाही. थंडीने तो आणखी मंदावतो. म्हणजे मे महिन्यात जो अपघात तळ्याने कदाचित सोसला असता, तो जानेवारीत सोसत नाही. आणि आपल्याकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या, हरभऱ्यावरील घाटेअळीच्या फवारण्या, सर्व याच महिन्यांत येतात.

मेलेला मासा दिसला का नाही, याचेही उत्तर थंडीतच आहे. मृत मासा तरंगतो तो पोटात जिवाणूंनी वायू तयार केल्यावर. थंड पाण्यात ही क्रिया इतकी संथ असते की मासा तळाशीच पडून राहतो. उन्हाळ्यात जे दुसऱ्या दिवशी कळते ते हिवाळ्यात आठवड्याने कळते. निवळ पाणी पाहून मी निर्धास्त झालो, तेव्हा तळाशी मासे पडलेले असणार.

आता काकाबाबूंच्या वाक्याकडे परत येतो. मासा हा शीतरक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याचे तेच. पाणी दहा अंशांनी उतरले की त्याच्या शरीरक्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. भारतीय मोठ्या कार्प जातींची चांगली वाढ २५ ते ३२ अंशांच्या दरम्यान होते. पाणी २० अंशांच्या खाली गेले की त्यांची भूक ठळकपणे घटते आणि १५ च्या आसपास ती जवळजवळ थांबते. सायप्रिनस त्यामानाने थंडीत काही अधिक काळ खात राहतो. याचा अर्थ असा की ‘मासे खात नाहीत’ हे वाक्य अपुरे आहे. पाणी १५ अंश असताना ते वाक्य स्वाभाविक स्थितीचे वर्णन ठरते. पाणी २१-२२ अंश असताना तेच वाक्य धोक्याची सूचना ठरते. त्या दिवशी निफाडच्या तळ्यात दुपारी पाणी किती अंश होते, हे मला माहीत नाही, कारण ते मोजले नव्हते. त्या आठवड्यात दुपारी चांगले ऊन पडत होते, एवढे मात्र आठवते. पाणी पुरेसे तापलेले असण्याची शक्यता मोठी होती आणि मासे यायला हवे होते.

मला खटकते ते हे की आम्ही कीटकशास्त्रज्ञ गुलाबी बोंडअळीच्या पिढ्यांचा अंदाज अंश-दिवस मोजून बांधतो, तापमानाच्या आकड्याशिवाय किडीविषयी बोलणे अशास्त्रीय मानतो. आणि त्याच शेतातील तळ्यात मात्र खाद्य द्यायचे ते तारखेवर किंवा माशाच्या वजनाच्या एका ठरीव टक्केवारीवर. ही टक्केवारी छापणारी बहुतेक पत्रके उबदार पाणी गृहीत धरून चालतात. ‘हिवाळ्यात खाद्य कमी करावे’ अशी एक ओळ तळाशी असते. कमी म्हणजे किती, हिवाळा म्हणजे कोणता? कुडाळचा की निफाडचा? ही ओळ काढून तेथे पाण्याच्या तापमानाचा तक्ता द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

न खाल्लेले खाद्य ही केवळ पैशाची नासाडी नाही. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो हे खरे. ३० अंशांस संपृक्त पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम, तर १५ अंशांस दहा मिलिग्रॅम. त्यामुळे शेतकऱ्यास खोटी सुरक्षितता वाटते. पण सलग तीन-चार दिवस आभाळ राहिले तर शेवाळ प्रकाशाअभावी प्राणवायू तयार करीत नाही, आणि तळाशी साचलेले खाद्य मात्र, संथपणे का होईना, तो वापरत राहते. त्याचा खरा हिशेब फेब्रुवारीअखेर, पाणी तापू लागल्यावर, एकदम चुकता करावा लागतो. प्लॅस्टिकच्या तळ्यात आणखी एक उणीव आहे. मातीच्या तळाशी वाढणाऱ्या कायरोनोमस माश्यांच्या लाल अळ्या हे तळाशी चरणाऱ्या माशांचे हिवाळ्यातील उत्तम नैसर्गिक अन्न. मी कोलकात्यास नेलेले नमुने बहुतांशी त्यांचेच होते. मातीच्या तळ्यांतून आणलेल्या बाटल्या गच्च भरलेल्या, प्लॅस्टिकच्या तळ्यांतील जवळजवळ रिकाम्या. तेथील मासा पूर्णपणे आपल्या हातातील खाद्यावर अवलंबून असतो, म्हणून त्या हाताची चूकही मोठी ठरते.

बालीगंजहून पूर्वेकडे बायपास ओलांडला की पूर्व कोलकाता पाणथळ क्षेत्र लागते. सुमारे १२,५०० हेक्टरचे हे क्षेत्र २००२ पासून रामसर यादीत आहे. शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवणाऱ्या तेथील तळ्यांना भेडी म्हणतात. त्यांचे महत्त्व अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी जगापुढे मांडले. भेडीवाले हिवाळ्यात माशाच्या वाढीमागे धावत नाहीत. वाढ मंदावते म्हणून हाच काळ ते आळीपाळीने तळी उपसण्यास, गाळ काढण्यास, तळ सुकवण्यास वापरतात. आपली शेततळी सिंचनासाठी असल्यामुळे ती जानेवारीत रिकामी करता येत नाहीत, हे मान्य. पण वर्षाची आखणी पाण्याच्या तापमानावरून करण्याची दृष्टी उचलण्यास अडचण नाही. जेथे कडक थंडी पडते तेथे डिसेंबरपूर्वी मोठे मासे विकून संख्या विरळ करणे हे खाद्याच्या पोत्यापेक्षा स्वस्त पडते.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती आहे आणि तिचा खर्च एका साध्या तापमापकापुरता आहे. तो दोरीला बांधून दीड-दोन फूट खोल सोडावा. पहाटे एकदा आणि दुपारी तीनला एकदा नोंद घ्यावी. खाद्य दुपारचेच, तेही एका ताटलीत टाकून खाली सोडावे आणि दीड तासाने ताटली उचलून पाहावी. पाणी २० च्या वर असताना सलग दोन दिवस ताटली तशीच परत आली तर थंडीचे नाव घेऊ नये. गेल्या आठवड्यातील फवारण्या विचाराव्यात, मोटारीचा पाइप पाहावा, तळ्याच्या तळाशी जाळे ओढून पाहावे. टाकी भरताना पाइपाचे तोंड द्रावणाच्या वीतभर वर राहील असे बांधून टाकणे, हा तर पाच मिनिटांचा उद्योग आहे.

माशांवरील उवांचा प्रश्नही येथेच येतो. नाव ऊ असले तरी अर्ग्युलस हा कीटक नव्हे, तो कोळंबीच्या कुळातला परजीवी. त्यावर उपाय म्हणून पिकाचे पायरेथ्रॉइड अंदाजाने तळ्यात टाकण्याची प्रथा मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि ती हिवाळ्यात तर अजिबात नको. तापमान उतरल्यावर माशाची रोगप्रतिकारशक्ती आधीच क्षीण असते. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून शिरलेल्या व्रणरोगाचे उद्रेक पावसाळा सरून पाणी थंड होऊ लागल्यावरच बळावतात, ते याच कारणाने. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने त्यावर ‘सीफॅक्स’ हे औषध विकसित केले आहे. ते मत्स्य तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच वापरावे.

हे सर्व लिहिताना एक प्रशासकीय अडचण जाणवते. शेततळे कृषी खात्याचे, मासा मत्स्यव्यवसाय खात्याचे आणि फवारणीचा सल्ला आमच्यासारख्यांचा. तळ्याच्या काठावर या तिघांपैकी एका वेळी एकच जण उभा असतो. म्हणून मी माझ्या पाहणी अर्जात आता एक रकाना हाताने आखून घेतला आहे: तळ्यात मासे आहेत का, पाणी किती अंश. छापील अर्जात तो अद्याप आलेला नाही; सूचना पाठवून दोन वर्षे झाली.

निफाडच्या त्या शेतकऱ्याने नंतर मासे सोडले नाहीत. बाग उत्तम आहे, तळेही भरलेले असते. मी विषय काढला की तो म्हणतो, “बघू साहेब, पुढच्या साली.”